जावाचा धडा : एका अर्थविषयक निबंधाचा तौलनिक वाङ्मयेतिहास

१८९० साली पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेसाठी महादेव गोविंद रानडे यांनी ‘नेदरलँड्स इंडिया अँड द कल्चर सिस्टिम’ हा इंग्रजी निबंध सिद्ध केला. पुढे १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अर्थविषयक निबंधसंग्रहात त्याचा समावेश झाला. ‘कल्चर’ या शब्दाने साहित्याच्या अभ्यासकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. म्हणून प्रारंभीच सांगितले पाहिजे की, येथे त्याचा अर्थ संस्कृती असा नसून लागवड असा आहे. डच सरकारने १८३० पासून जावा बेटावर नगदी पिकांच्या सक्तीच्या लागवडीची जी व्यवस्था रूढ केली, तिचे हे नाव. हिंदुस्थानने या व्यवस्थेपासून काही शिकावे, असे रानडे यांना वाटले. एका परतंत्र देशाने दुसऱ्या परतंत्र देशाकडे आर्थिक विकासाचा नमुना म्हणून पाहण्याचे हे मराठी विचारविश्वातील एक आरंभीचे आणि विलक्षण उदाहरण होय.

आज भारतास चीनपासून, कोरियापासून वा व्हिएतनामपासून धडे घेण्याचा उपदेश सातत्याने केला जातो आणि असा धडा म्हणजे जणू एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवावयाची एखादी वस्तू होय, असे गृहीत धरले जाते. वास्तविक असा धडा वाहून नेतात ती पुस्तके. अहवाल, प्रवासवर्णने, आकड्यांची कोष्टके, क्वचित एखादी कादंबरी किंवा नाटक यांच्या वाटेने तो प्रवास करतो, आणि वाटेत त्याचे काय होते हे पाहण्याचे काम अर्थशास्त्रज्ञापेक्षा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे अधिक आहे. या दृष्टीने जावाविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनाकडे येथे पाहावयाचे आहे.

या देवघेवीचा आरंभ मात्र उलट दिशेने झाला होता. १८११ ते १८१६ या काळात जावा इंग्रजांच्या ताब्यात असताना तेथील कारभारी स्टॅम्फर्ड रॅफल्स याने हिंदुस्थानातील इंग्रजी महसूलव्यवस्थेच्या अनुभवावर आधारलेली जमीनसाऱ्याची पद्धत जावात आणली. मद्रास इलाख्यात मोजणीचे काम केलेला आणि मराठी बखरी व कैफियतींसह दक्षिणेतील हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह करणारा कॉलिन मॅकेन्झी हाही त्या काळात जावात होता. पुढे बेट डचांकडे परत गेले. १८२५ ते १८३० या काळात दिपोनेगोरोच्या उठावाने डच तिजोरी रिकामी केली. १८३० मध्येच बेल्जियम हॉलंडपासून फुटून निघाला. अशा कर्जबाजारी अवस्थेत गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बॉश याने लागवड-पद्धती अमलात आणली. तिचे कागदावरील स्वरूप साधे होते. गावाने आपल्या जमिनीचा एक-पंचमांश भाग सरकार सांगेल त्या निर्यातीच्या पिकाखाली, म्हणजे प्रामुख्याने ऊस व नीळ यांच्याखाली, आणावा. ज्याला जमीन नाही त्याने वर्षातून ६६ दिवस काम द्यावे. त्या मोबदल्यात साऱ्याची सूट मिळावी. डोंगराळ भागातील कॉफी कुटुंबामागे झाडांच्या हिशेबाने लावून घेतली जाई. प्रत्यक्षात एक-पंचमांशाची मर्यादा अनेक ठिकाणी ओलांडली गेली, दिवसांची गणती वाढत गेली आणि सारा काही सर्वत्र सुटला नाही.

या व्यवस्थेचे दोन भाग विशेष ध्यानात ठेवावयास हवेत. पहिला असा की, साखर कारखाना काढू इच्छिणाऱ्या कंत्राटदारास, तो बहुधा युरोपीय किंवा चिनी असे, सरकार भांडवल आगाऊ देई, आसपासच्या गावांतील ऊस त्याला मिळवून देई आणि तयार साखर ठरलेल्या दराने स्वतः विकत घेई. दुसरा असा की, जमा झालेल्या मालाच्या प्रमाणात युरोपीय अधिकाऱ्यांना आणि रीजंट म्हणविणाऱ्या जावानी सरदारांना, तसेच त्यांच्या हाताखालच्या गावप्रमुखांना, टक्केवारी मिळे. माल जितका अधिक, तितकी टक्केवारी अधिक. सर्व खर्च वजा जाता हॉलंडच्या तिजोरीत जी शिल्लक पडे, तिची बेरीज १८७७ पर्यंत ८० कोटी गिल्डरांच्या वर गेली. १८५० नंतरच्या दशकात तर डच राज्याच्या एकूण उत्पन्नाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग जावातून येत होता. तिकडील राष्ट्रीय कर्ज या पैशातून फिटले, लोहमार्ग झाले, सुरिनाममधील गुलाममालकांना गुलाममुक्तीपोटी भरपाईही मिळाली. त्याच काळात, १८४३-४४ मध्ये चेरिबोन प्रांतात आणि १८४८ ते १८५० या वर्षांत देमाक व ग्रोबोगान येथे भीषण दुष्काळ पडले. भातशेतीचा हा प्रदेश मुळात सुपीक म्हणून नावाजलेला.

इंग्रजी वाचकांपुढे या व्यवस्थेचे चित्र ज्यांनी मांडले, त्यांत कलकत्त्यात बॅरिस्टरी करणारा जे. डब्ल्यू. बी. मनी हा अग्रगण्य होय. १८६१ मध्ये लंडनला त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘जावा, अथवा वसाहत कशी चालवावी’ असा त्याच्या नावाचा अर्थ, आणि ब्रिटिश हिंदुस्थानपुढील प्रश्नांची व्यवहार्य उकल दाखविणारा, असे त्याचे उपशीर्षक. १८५७ च्या उठावाची राख अजून निवलेली नव्हती. डचांना जे साधले ते आपल्याला का साधू नये, असा मनीचा रोख होता. हा ग्रंथ आणखी एका वाचकाच्या हाती पडला : बेल्जियमचा भावी राजा दुसरा लिओपोल्ड. वसाहतीतून नफा कसा काढावा याचे पाठ त्याने त्यात वाचले आणि १८८५ पासून काँगोत जे केले ते सर्वविश्रुत आहे. एकच धडा किती भिन्न विद्यार्थ्यांनी गिरवावा, याची ही नोंद इतिहासाने करून ठेवली आहे.

मनीचा ग्रंथ निघाला त्याच्या आदल्या वर्षी, १८६० मध्ये, दोन साहित्यकृती प्रसिद्ध झाल्या. डाक्क्यास दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे बंगाली नाटक छापले गेले, आणि हॉलंडात ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने एदुआर्द डाउवेस डेक्कर याची ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी आली. या दोन कृतींच्या लेखकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु बंगालचा निळीचा रयत आणि जावाचा शेतकरी हे दोघेही ज्या एका गोष्टीच्या पेचात सापडलेले दिसतात, ती गोष्ट म्हणजे पेरावयाचे काय हे ठरविण्याचा हक्क गमावणे. बंगालमध्ये हा हक्क ‘दादन’ या आगाऊ रकमेने हिरावला जाई. एकदा दादन घेतले की ते पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. जावात हेच काम सरकारी हुकमाने होई. ‘नीलदर्पण’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयाने एक महिन्याचा कारावास आणि १,००० रुपये दंड ठोठावला, दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरली. म्हणजे ज्या शहराच्या न्यायालयात हा खटला उभा राहिला, त्याच शहरातील एका बॅरिस्टराचे जावाच्या सक्तीच्या लागवडीची शिफारस करणारे पुस्तक त्याच वर्षी लंडनला छापून निघाले.

‘मॅक्स हावेलार’ची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच अर्थपूर्ण आहे. तिचा पहिला निवेदक बाताव्हुस ड्रोगस्टोपेल हा ॲमस्टरडॅमचा कॉफीचा दलाल आहे. त्याला कथा-कविता म्हणजे खोटेपणा वाटतो. त्याला हवी ती कॉफीच्या व्यापारास उपयुक्त माहिती. एका दरिद्री परिचिताकडून हाती आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून कॉफीवर एक उपयुक्त ग्रंथ तयार करवून घेण्याचा त्याचा बेत असतो. पण त्या गठ्ठ्यातून निघते ती लेबाकच्या साहाय्यक रेसिडेंटाची हकीकत : रीजंटाकडून होणारी पिळवणूक, तिच्याकडे वरिष्ठांनी केलेली डोळेझाक आणि शेवटी त्या अधिकाऱ्याचा राजीनामा. डेक्करने स्वतः १८५६ मध्ये लेबाकला हेच भोगले होते, आणि त्या वेळचा खरा सरकारी पत्रव्यवहार त्याने कादंबरीत समाविष्ट केला. सरकारी कागद, व्यापाऱ्याचे निवेदन, जर्मन तरुणाने सांगितलेली कथा आणि अखेर सर्व पात्रांना दूर सारून स्वतःच्या नावाने राजाला हाक घालणारा लेखक, असे एकाहून एक भिन्न वाङ्मयप्रकार येथे एकमेकांवर कुरघोडी करतात. वरिष्ठांना नेहमी शुभवर्तमानच कळविण्याची अधिकाऱ्यांची सवय आणि तिच्यामुळे विश्वासास अपात्र ठरणारे अहवाल हा या कादंबरीतला एक मुख्य विषय आहे. तिच्या पोटात सैजा आणि आदिंदा यांची उपकथा येते. सैजाच्या बापाचा नांगराचा रेडा गावावरचा अधिकारी ओढून नेतो, दुसरा घेतला, तोही जातो, घर मोडते. सैजा पैसे मिळविण्यासाठी बटाव्हियाला जातो आणि परततो तेव्हा आदिंदाचे कुटुंब गाव सोडून गेलेले असते. निर्यातीच्या कोणत्याही कोष्टकात हा रेडा येत नाही. येण्याचे कारणही नाही, कारण त्याची पावती कोणी दिलेली नव्हती.

या कादंबरीकडे लागवड-पद्धतीवरील सरळ आरोपपत्र म्हणून पाहण्याची रूढी आहे. ती पूर्णपणे बरोबर नाही. लेबाक हा गरीब भाग होता आणि हावेलारची तक्रार मुख्यत्वे जावानी रीजंटाच्या वेठबिगारीविरुद्ध होती. रोब न्यूवेनहाउस यांनी तर १८८७ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये (डेक्करच्या मृत्यूची शताब्दी होती), ‘लेबाकचे मिथक’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहून, डेक्करला जावानी समाजातील सरदार आणि रयत यांच्यामधले परंपरागत संबंध उमगलेच नव्हते, असे मत मांडले. हा आक्षेप विचारार्ह आहे. तथापि परंपरागत देणे आणि टक्केवारीच्या लोभाने वाढविलेले देणे यांतील भेद त्यामुळे पुसला जात नाही, असे मला वाटते. प्रामोद्या अनंत तूर यांनी १९९९ मध्ये या कादंबरीला वसाहतवादाचा अंत करणारे पुस्तक म्हटले. हा गौरव थोडा अतिशयोक्त असला तरी एका इंडोनेशियन कादंबरीकाराने तो केला, ही गोष्ट वजनदार आहे.

आता रानड्यांकडे वळू. १८९० मध्ये ते अद्याप उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले नव्हते. दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याच्या अंमलबजावणीशी न्यायाधीश या नात्याने त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. १८७५ चा सुपे येथील दंगा, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १८७९ चा तो कायदा या सर्व घटना त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या. सावकाराचे खत आणि कुणब्याचा अंगठा यांची त्यांना जवळून ओळख होती. विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने पुरंदर तालुक्यासाठी आखलेली शेतकी पेढीची योजना हिंदुस्थान सरकारने उचलून धरूनही लंडनहून नामंजूर झाली होती. सरकारने रयतेस व कारखानदारास स्वस्त भांडवल द्यावे, ही रानड्यांच्या अर्थविचारातली मध्यवर्ती मागणी. आणि सरकारने असे काही करणे हे अर्थशास्त्राच्या नियमांविरुद्ध आहे, हे तिला नित्य मिळणारे उत्तर. या उत्तराला छेद देण्यासाठी त्यांनी रशियातील भूदासांच्या मुक्तीचा अभ्यास केला, प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांचा केला आणि त्याच ओघात जावाचा केला. डचांचे सरकारही वसाहतीचेच सरकार होते, पण ते भांडवल आगाऊ देत होते, कच्च्या मालावर तेथेच प्रक्रिया करवीत होते. हिंदुस्थान मात्र कच्चा माल पाठविणारा मळा होऊन बसला होता. रानड्यांना हवे होते ते भांडवल, सक्ती नव्हे. त्यांचा उदारमतवाद जाणणाऱ्यास याविषयी शंका उरणार नाही.

तरीही एक विसंगती राहतेच. त्याच परिषदेच्या उद्घाटनपर भाषणात रानड्यांनी, इंग्लंडला जाणाऱ्या खंडणीचे रडगाणे गात बसण्यात पुरुषार्थ नाही, अशा आशयाची भूमिका घेतली होती. दादाभाई नौरोजींच्या संपत्ति-निःसारणाच्या सिद्धान्तापासून त्यांनी राखलेले हे अंतर सुपरिचित आहे. मग ज्या व्यवस्थेत निःसारणाचा आकडा अंदाजपत्रकात उघडपणे, ‘अनुकूल शिल्लक’ म्हणून, छापला जात होता, तीच अनुकरणीय ठरावी, हे कसे? याचे उत्तर त्यांच्या मतांपेक्षा त्यांनी निवडलेल्या वाङ्मयप्रकारात शोधावे लागेल. परिषदेपुढील निबंध हा सरकारला उद्देशून केलेला युक्तिवाद असतो. त्याच्या भाषेत सरकार, भांडवल, कारखाना आणि निर्यात ही पात्रे आहेत. टक्केवारी खाणारा गावप्रमुख त्या भाषेत बोलू शकत नाही. ‘मॅक्स हावेलार’चे इंग्रजी भाषांतर १८६८ पासूनच उपलब्ध होते, परंतु कोणी काय वाचले होते हा प्रश्न येथे दुय्यम आहे. कादंबरीला जे दिसते ते या प्रकारच्या निबंधाच्या आवाक्यातच येत नव्हते.

मधल्या माणसाचे हे चित्र मराठीत लिहिले गेले नव्हते असे मात्र नाही. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पुरा झाला होता. गोऱ्या अधिकाऱ्याची बेफिकिरी आणि तिच्या आडोशाने कुळकर्ण्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत चाललेली लूट, ही फुल्यांची मांडणी लेबाकच्या हकीकतीशी आश्चर्यकारक जवळीक दाखविते. लेबाकचा रीजंट जन्माने सरदार, इकडचा कुळकर्णी वतनाने लेखणीबहाद्दर. दोघांचेही सामर्थ्य परक्या राज्यकर्त्याच्या अज्ञानावर पोसलेले. दोन्ही लेखकांनी वाङ्मयप्रकारांची शिस्त मोडली, हेही लक्षणीय आहे : ‘असूड’मध्ये इतिहास, हिशेब, उपहास आणि शेतकऱ्याच्या घराचे बारीकसारीक वर्णन एकत्र नांदते. फुले आणि रानडे एकाच शहरात राहत होते. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे रानड्यांकडून आलेले निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले आणि त्या सभांशी व त्या पुस्तकांशी आपल्या लोकांच्या सभापुस्तकांचा मेळ बसत नाही, असे स्पष्ट कळविले. साहित्येतिहासात हे पत्र वाङ्मयीन बंडखोरीचे उदाहरण म्हणून उद्धृत होते. त्याला एक आर्थिक बाजू आहे, तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जावाच्या धड्यात जी जागा रिकामी राहिली, ती भरून काढणारे लेखन पुण्यातच झाले होते आणि ते परिषदेच्या दाराबाहेर राहिले.

मग रानडे चुकलेच का? तसे म्हणणे घाईचे ठरेल. क्लिफर्ड गीर्ट्‌झ यांनी १९६३ मध्ये जावाची शेती या व्यवस्थेने आतल्या आत गुरफटून गेली, असा निष्कर्ष काढला होता आणि तो बराच काळ प्रमाण मानला गेला. रॉबर्ट एल्सन यांनी १९९४ मध्ये खेड्यांच्या पातळीवरील नोंदी तपासून, ठिकाणाठिकाणांतील फरक मोठे होते आणि काही भागांत गावची उलाढाल वाढली होती, असे दाखविले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मेलिसा डेल आणि बेंजामिन ओल्केन यांच्या अभ्यासात तर, जुन्या साखर कारखान्यांच्या आसपासचा प्रदेश आजही इतर प्रदेशांहून अधिक उद्योगप्रधान, अधिक शिकलेला आणि रस्ते वगैरे सोयींनी अधिक संपन्न असल्याचे आढळले. शेताजवळ कारखाना उभा राहिला तर त्याचे फळ दीर्घकाळ टिकते, हे रानड्यांचे अनुमान अशा रीतीने सव्वाशे वर्षांनंतर खरे ठरते. मात्र ही तुलना जावातल्याच एका जागेची दुसऱ्या जागेशी आहे. ती पद्धती आलीच नसती तर जावाचे काय झाले असते, हे तीत मोजलेले नाही. आणि १८४९ मध्ये देमाकमध्ये जे मेले, त्यांचे वंशज कोणत्याच गणनेत सापडणार नाहीत.

विसाव्या शतकात जावा आणि हिंदुस्थान यांच्यातला संबंध गुरुशिष्याचा न राहता प्रतिस्पर्ध्यांचा झाला. १९२० नंतरच्या दशकात जावाची साखर लाखो टनांनी हिंदुस्थानात येत होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, काही वर्षांतच इकडे कारखान्यांची संख्या शंभरावर गेली आणि जगभरच्या मंदीत आधीच खचलेल्या जावातील बहुतेक कारखान्यांची धुराडी थंड झाली. पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ मध्ये तयार झालेला पी.ओ.जे. २८७८ हा ऊस मात्र इकडे आला, आणि त्याचा कोइमतूरच्या वाणाशी संकर होऊन निघालेला को ४१९ दख्खनच्या पाटपाण्याखाली पसरला. जावाकडून महाराष्ट्राने निर्विवादपणे जे घेतले ते हे बेणे.

१९५० मध्ये प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सरकारचे भांडवल, शेताच्या बांधावर प्रक्रिया, आणि कंत्राटदाराच्या जागी ऊस उत्पादक सभासद. रानड्यांच्या निबंधातील भांडवल येथे आले आणि जावातली सक्ती वगळली गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. पिकविणाऱ्यापुरते ते खरेही आहे. सभासद काय पेरावे हे स्वतः ठरवितो. पण आगाऊ रक्कम नाहीशी झाली नाही. बंगालमध्ये जिला दादन म्हणत, तिला येथील फडात उचल म्हणतात. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड मजुराला हंगामापूर्वी ती मुकादमाकडून मिळते, कारखान्याचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी होतो, आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो.